चुंबळ

नोव्हेंबरच्या शेवटाला निफाडहून बोरस्ते आले,
मांडीवर छाटणीच्या काड्यांची मोळी.
आई दरवर्षी मागवायची.
यंदा कुणी फोन केला नव्हता.
चपला काढता काढता म्हणाले,
"बाईंचा निरोप नाही आला,
पण हंगाम तर आलाच."

काड्या रात्रभर बादलीत भिजल्या.
सकाळी बाबा गच्चीवर बसले, उन्हाकडे पाठ करून.
तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कोऱ्या नोटांतली चूक हुडकणारे डोळे;
हात मात्र कधी सुतळीला लागलेले नाहीत.
पहिली काडी मोडली. दुसरी मोडली.
तिसरी वाकली, आणि अर्ध्यातच ताठ झाली
नव्या जावयासारखी.
आई हे डाळ शिजेपर्यंत उरकायची.

अनुग्रहनं विचारलं, "याला मराठीत काय म्हणतात?"
मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी सुतळीकडे.
शब्द आहे. पुष्पचक्र.
पण तो एप्रिलमध्ये वापरून झालाय,
आईच्या पेटीवर,
निशिगंधाचा वास अजून त्याला आहे.

बाबांनी ते वेडंवाकडं कडं उचललं,
स्वतःच्या डोक्यावर ठेवून बघितलं.
"चुंबळ," म्हणाले.
"शेवंताआत्या विहिरीवरून यायची ना,
हंड्याखाली असायची. भार टोचू नये म्हणून."
"मग यावर काय ठेवायचं?"
बाबा थोडं थांबले.
"चार रविवार."

सुरूच्या फांद्या चर्चच्या आवारातल्या.
शिमोनकाका झाडत होते,
त्यांनी आम्हाला पाहिलं नाही
असं त्यांनी आम्हाला सांगितलं.
जांभळ्या मेणबत्त्या रविवार कारंजावर मिळाल्या, तीन.
गुलाबी? "वाढदिवसाच्या आहेत," दुकानदार म्हणाला, "बारीकवाल्या."
घरी पांढरं मेण वितळवलं, त्यात बिटाचा रस घातला.
रस तळाशी जाऊन बसला,
मेण वर, पांढरंच.

आई कशात करायची रंग?
कुणी कधी विचारलंच नव्हतं.
मग शिवणाच्या डब्यात, बटणांखाली,
खडूंचे तुकडे सापडले, मेणाचे. सात-आठ.
सगळे गुलाबी.

दर डिसेंबरात माझा गुलाबी खडू हरवायचा.
मी भावाला मारायचे.
थॉमसला मस्कतला फोन लावला,
म्हटलं, चोर सापडला.
तो हसला. मग बराच वेळ
दोन्हीकडे नुसता पंख्याचा आवाज.
(इथे पंखा कुठला, थंडीत. तो तिकडचाच असणार.)

पहिला रविवार, आशेची.
दुसरा, शांतीची.
तिसऱ्याला ती गुलाबी, एका बाजूनं फुगलेली,
तडतडली, धूर केला, पण पेटली.
बाबांनी प्रार्थना अर्ध्यात सोडली,
उरलेली अनुग्रहनं पुरी केली,
त्यात त्याच्या सायकलचाही उल्लेख होता.

चौथ्या रविवारी पारा सहावर.
बोरस्त्यांचा फोन: मण्यांना थंडी बाधते,
रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसलोय.
छाटणी झाली की दिवस मोजायचे, एवढंच हातात.
बाबा म्हणाले, "आम्हीही पेटवूनच बसलोय."
तिकडून काही कळलं नसावं,
किंवा कळलं असावं. "बसा, बसा," म्हणाले.

टेबलावर चार ज्योती, चार उंचीच्या.
जी सगळ्यांत आधी लागली
ती सगळ्यांत बुटकी, काठापर्यंत आलेली,
तिच्याभोवतीची सुरूची पानं मी ओली करून ठेवली आहेत.

बाबा चष्मा कपाळावर चढवून बघताहेत,
तसंच, प्रेसमध्ये बघायचे तसं.
"डावीकडे कलली आहे," म्हणाले.
सुतळी आणायला उठले,
दारापर्यंत गेले,
आणि परत येऊन बसले.